भृंगराज : जंगलातला पहारेकरी की लबाड चोर? (आपापली निरीक्षणं टाका)

रानभुली
नमस्कार मंडळी. तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसणारा साधा कोतवाल सगळ्यांनाच ओळखता येतो. त्याच्या जंगलातल्या भावावर, म्हणजे भृंगराजावर (पल्लवपुच्छ कोतवाल) मात्र इथे स्वतंत्र धागा दिसला नाही म्हणून हा काढतेय.

आधी ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळा काळा, पण मेलेला काळा नाही, उन्हाची तिरीप आली की निळी-हिरवट झाक मारतो. कपाळावर पिसांचा झुबकेदार तुरा, तो मागे वळलेला. डोळा तांबूस. चोच दणकट. आणि शेपटी! शेपटीच्या दोन्ही कडांना एकेक लांबलचक तार आणि तारेच्या टोकाला पिसाचा छोटा पल्लव. उडताना तारा दिसतच नाहीत नीट, त्यामुळे वाटतं की पक्षी पुढे चाललाय आणि दोन मोठे भुंगे त्याच्या मागे लागलेत. तारा सोडून मोजला तर साधारण ३२ सेंमी आणि तारांसकट धरला तर ६० च्या वर जातो.

आता मुद्द्याचं. आंबोलीच्या जंगलात सातभाईंचा थवा पाचोळा उलथापालथ करत चालला होता आणि वर मधल्या उंचीच्या फांदीवर हा बसलेला. एका सातभाईला चांगली जाडजूड अळी मिळाली, तेवढ्यात वरून शिक्र्याची (छोटा शिकारी पक्षी) खणखणीत आरोळी आली, सगळे सातभाई झुडपात गडप, अळी तिथेच पडली आणि हे महाशय खाली येऊन अळी घेऊन परत फांदीवर! शिक्रा कुठेच नव्हता. आवाज यानेच काढला होता, चोच उघडताना मी बघितलंय. तर प्रश्न असा की हे मुद्दाम केलेलं असतं की योगायोग? जाणकारांनी लिहा.

कावळोबा
शीर्षक वाचून वाटलं केसाच्या तेलाचा धागा आहे, पळत आलो, निराश झालो, पण वाचून थांबलो :)) पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

घाटमाथा
मस्त धागा. वाचनखूण साठवली.

योगायोग नाही हो. भृंगराज शिकारी पक्ष्यांचे आवाज काढून बाकीच्यांना घाबरवतो आणि त्या गोंधळात खाणं पळवतो हे बऱ्याच जणांनी नोंदवलेलं आहे. शिक्रा, सर्पगरुड हे त्याचे नेहमीचे आवाज. भीमाशंकरला सर्पगरुडाची शीळ ऐकून मान मोडेपर्यंत वर आकाशात बघत बसायचं आणि शीळ येतेय समोरच्या जांभळीवरून, हा प्रकार तिकडे फिरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच.

पण त्याला नुसता चोर म्हणू नका, अन्याय होईल. दिवसातला बहुतेक वेळ तो स्वतःचं कमावूनच खातो. त्याची पद्धत अशी की उघड्या फांदीवर ताठ बसायचं, खाली-वर नजर ठेवायची, किडा उडाला की झेप घ्यायची, हवेतच पकडायचा आणि परत यायचं. नाकतोडे, वाळवीचे उडणारे किडे, पतंग, भुंगेरे, सिकाडा, जे मिळेल ते. मोठा किडा असला तर सरळ गिळत नाही, पायाखाली दाबून धरतो आणि चोचीने त्याचे पंख, पाय तोडून बाजूला टाकतो. दुर्बिणीतून एकदा सिकाडा सोलताना बघितला, आधी एक पंख, मग दुसरा, दोन्ही पंख गिरक्या घेत खाली आले आणि मग डोक्याकडून आत. सगळं इतक्या सावकाश की मागे वाघ उभा असता तरी याने घाई केली नसती.

टिवटिव
मी नवीन आहे या छंदात त्यामुळे बेसिक प्रश्न. तो सातभाईंच्या मागे का जातो? स्वतः हवेत किडे पकडता येतात ना त्याला?

घाटमाथा
@टिवटिव, बेसिक नाही, हाच तर खरा प्रश्न आहे. हवेत किडा पकडायचा तर आधी किडा उडायला हवा. पानामागे, सालीत, पाचोळ्यात चिकटून बसलेला किडा भृंगराजाच्या काय कामाचा? सातभाई पाचोळा उपसतात, सुतार साल ठोकतो, बारके पक्षी पानं चाळतात, त्यात बरेच किडे त्यांच्या चोचीतून निसटून उडतात. ते उडालेले किडे याचे. म्हणून हा जंगलात एकटा कमी आणि मिश्र थव्यात जास्त दिसतो. एका थव्यात सातभाई, सुतार, निखार, नीलमणी असे किती तरी प्रकार असतात आणि या सगळ्या वरातीच्या मधोमध किंवा जरा मागे हा. सोनपाठी सुतारांच्या जोडीबरोबर तर हमखास. माकडांच्या टोळीमागेही जातो, कारण तेच, माकडं फांद्या हलवतात आणि किडे उठतात.

बकुळा
पण मग बाकीचे पक्षी याला सहन का करतात हे कळत नाही. आयतं खातो वर चोरीही करतो. मी सातभाई असते तर हाकलून दिलं असतं.

जुनाजाणता
बकुळाताई, सातभाई बिचारे खाली मान घालून पाचोळ्यात असतात. मान खाली म्हणजे वरचं दिसत नाही. भृंगराज वर मोकळ्या जागी बसलेला असतो, त्याची मान सतत फिरत असते, आणि ससाणा-शिक्रा आला तर तो सगळ्यात आधी ओरडतो. नुसता ओरडत नाही, अंगावर जातो. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या गरुडाच्या पाठीवर टोचा मारताना बघितलाय मी त्याला, गरुड वैतागून निघून जातो. थव्याला फुकटचा पहारेकरी मिळतो आणि त्याला उठवलेले किडे मिळतात. मधूनमधून एखादी अळी पळवली तर तो त्याचा पगार समजा.

श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात गुडेल आणि कोटगामा या संशोधकांनी तिथल्या कोतवालाच्या नकलांवर बरीच वर्षं काम केलं, २००६ मध्ये त्यांचा पेपर आला. (त्या कोतवालाला तेव्हा भृंगराजाचाच प्रकार मानायचे, आता वेगळी जात धरतात, त्याच्या शेपटीला पल्लव नसतात.) त्यात निघालेली गोष्ट फार गमतीची आहे. नकला वाट्टेल तेव्हा वाट्टेल त्या नसतात. शांत वेळी तो थव्यातल्या इतर पक्ष्यांची गाणी आणि एकमेकांना हाका मारायचे आवाज काढतो. धोक्याच्या वेळी मात्र शिकारी पक्ष्यांचे आवाज आणि दुसऱ्या पक्ष्यांचे धोक्याचे इशारे. आणि रेकॉर्डिंग वाजवून बघितलं तर नकला असलेल्या आवाजाकडे थव्यातले पक्षी जास्त येतात, नकला नसलेल्या आवाजाकडे कमी. म्हणजे हा थव्यामागे जातोच पण वेळ पडली तर थवा स्वतःभोवती गोळाही करतो.

रानभुली
हे भारीच आहे जुनेजाणते! म्हणजे शांत वेळेला "या रे या" आणि धोक्याला "पळा रे पळा", आणि दोन्ही दुसऱ्याच्या भाषेत.

पण मग माझ्या अळीचं काय? तिथे शिक्रा नव्हताच. म्हणजे खोटी हाळी दिली ना त्याने.

आडवाट
इथे थोडा विरोध नोंदवतो. चोच उघडली, आवाज आला, अळी पडली, त्याने उचलली, हे सगळं खरं. पण शिक्रा नव्हता हे कशावरून? जंगलात आपल्याला जे दिसत नाही ते भृंगराजाला दिसतं, तेच तर त्याचं काम आहे. शिक्रा दोनशे फुटांवरून झाडीआडून गेला असेल आणि याने खरा इशारा दिला असेल, आणि मग पडलेली अळी दिसल्यावर कोण सोडेल? एका घटनेवरून लबाडी ठरवायची मला घाई वाटते.

घाटमाथा
आडवाट, मुद्दा रास्त आहे पण लबाडी या कुळाला नवीन नाही. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात दुभंगी शेपटीचा कोतवाल असतो, त्याच्यावर टॉम फ्लॉवर यांनी काम केलंय, २०१४ ला सायन्स या शोधपत्रिकेत आलं होतं. तो मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी) आणि तिथल्या सातभाईंच्या मागे राहतो, बराच वेळ प्रामाणिकपणे खरे इशारे देतो, आणि कोणाला मोठा किडा मिळाला की खोटा इशारा. दिवसाच्या खाण्यातलं २३ टक्क्यांपर्यंत असं चोरून मिळवतो. आणि पुढची गंमत ऐका, तोच तोच खोटा इशारा दिला तर समोरचे ओळखतात आणि दाद देत नाहीत, मग हा आवाज बदलतो. कधी स्वतःच्या जातीचा इशारा, कधी समोरच्याच जातीचा, कधी तिसऱ्याच पक्ष्याचा. नकलांचा साठा मोठा हवा तो यासाठी.

आडवाट
तो आफ्रिकेतला, हा आपला. कलहारी उघडं माळरान आहे, तिथे सगळं दिसतं म्हणून मोजता आलं. आपल्या सदाहरित जंगलात चार हातांवरचा पक्षी दिसताना मारामार. मी एवढंच म्हणतोय की भृंगराज चोरी करतो हे मान्य, पण प्रत्येक नकल चोरीसाठी असते असं धरू नका. पहाटे अंधारात, थवा वगैरे काही नसताना एकटाच बसून तो दहा पक्ष्यांचे आवाज एकामागून एक काढत असतो. तिथे कोणाची अळी पळवायची असते?

कावळोबा
रियाज असेल.

विदर्भवासी
आमच्याकडे ताडोबा, नागझिरा, मेळघाट सगळीकडे आहे हा. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटते की तो फक्त सह्याद्रीतल्या दाट जंगलात राहतो, तसं काही नाही. पानझडी जंगल चालते त्याला, बांबूची बेटं तर फार आवडतात. फक्त उघडं माळरान आणि शेत नको, ते काळ्या कोतवालाचं. सफारीत जिप्सी वाघासाठी थांबली असते, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि वरून हा अर्धा तास फुकट कार्यक्रम करतो, कोणी वर पाहत नाही. हा काय मूर्खपणा आहे मला समजत नाही, पण असो.

फेब्रुवारी-मार्चला पळस, काटेसावर, पांगारा फुलला की त्या झाडाखाली जाऊन उभे राहा. भृंगराज मध प्यायला येतोच. किडेखाऊ आहे पण मधाला नाही म्हणत नाही, आणि फुलांवर किडेही असतात म्हणजे दोन्ही सोयी. तोंडावर पिवळे परागकण लागले की काळ्या चेहऱ्यावर असे चमकतात की नवशिक्याला वाटते दुसरीच जात सापडली.

टिवटिव
विदर्भवासी, पळसावर मी दोन-तीन वेगवेगळे काळे पक्षी बघितले होते, सगळे कोतवालासारखेच. कसे ओळखायचे?

जुनाजाणता
कोतवालांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. आपल्याकडे मिळणारे सांगतो. काळा कोतवाल उघड्यावर, शेपटी खोल दुभंगलेली, जवळून बघितलं तर चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका. राखी कोतवाल हिवाळी पाहुणा, सिमेंटच्या रंगाकडे झुकणारा, डोळे लालभडक, झाडाच्या शेंड्यावर बसायची सवय. पांढऱ्या पोटाचा तर सांगायलाच नको. कांस्य कोतवाल सगळ्यात छोटा, ओल्या दाट जंगलात, अंगावर धातूची चमक, आणि नकला तोही छान करतो. केशराज मोठा, फुललेल्या झाडांवर भांडताना दिसेल, त्याच्या शेपटीची टोकं वर वळलेली आणि डोक्यावर केसांसारखी बारीक पिसं. आणि भृंगराज म्हणजे तुरा आणि तारा.

पण लक्षात ठेवा, तारा नेहमी असतीलच असं नाही. पिसं गळायच्या दिवसांत एक तार असलेला किंवा अजिबात नसलेला भृंगराज सर्रास दिसतो. पहिल्या वर्षाच्या पिल्लालाही तारा नसतात, तुरा जेमतेम असतो आणि पोटावर पांढरट टिकल्या असतात. अशा वेळी अंगाची जाडी, दणकट चोच आणि कपाळावरचा झुबका बघायचा.

बकुळा
जाता जाता, त्या तारा नेमक्या कशा असतात कोणी जवळून बघितल्यात का? मला एक गळलेलं पीस सापडलं होतं, उचललं नाही, तिथेच बसून निरखलं. मधला दांडा काळ्या तारेसारखा नागडा, पण अगदी गुळगुळीत नाही, कडेला कुठे कुठे तुटक धागे चिकटलेले. आणि टोकाला पल्लव फक्त एकाच बाजूला! दुसरी बाजू अगदी अरुंद. शिवाय पल्लवाच्या जरा आधी दांडा पिळलेला. फोटोत हा पीळ कधी कळला नव्हता.

जुनाजाणता
बरोबर निरखलंत. तो पल्लव खरं म्हणजे पिसाच्या आतल्या बाजूचा असतो, पण पीळ पडल्यामुळे बाहेरच्या बाजूला आल्यासारखा दिसतो. हिमालयाच्या बाजूला याचा धाकटा भाऊ आहे, त्याच्या तारेला पल्लव दोन्ही बाजूंनी असतात, कपाळावर तुरा नसतो आणि शेपटी खाली सरळ कापल्यासारखी. आपल्या भृंगराजाची शेपटी दुभंगलेली. अजून एक, बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या शेपटीत १२ पिसं असतात, कोतवालांच्या कुळात १०. त्यातली सगळ्यात बाहेरची जोडी म्हणजे या तारा.

आणि हो, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६६ मध्ये याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा चक्क कोकिळांच्या गटात टाकलं होतं. नंतर बदललं.

कावळोबा
कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते, हा दुसऱ्याच्या गळ्यातून गातो, लिनियसचं अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं. अवांतराबद्दल क्षमस्व.

रानभुली
कावळोबा =))

घरट्याबद्दल कोणी लिहा ना. एप्रिल-मेमध्ये जोड्या खूप भांडखोर होतात एवढंच मी बघितलंय.

घाटमाथा
एप्रिल ते ऑगस्ट हा काळ धरा. त्याआधी जोडीचे खेळ चालतात, फांदीवर उड्या मारणं, गिरक्या घेणं, आणि चोचीतली एखादी वस्तू हवेत सोडून खाली पडायच्या आत परत झेलणं. घरटं दोन फांद्यांच्या बेचक्यात वाटीसारखं, बारीक काड्या आणि मुळ्यांचं, खालून बघितलं तर इतकं पातळ वाटतं की यात अंडी राहतात कशी. अंडी ३ ते ४.

झाड निवडताना मात्र फार चोखंदळ. शक्यतो सरळसोट, गुळगुळीत खोडाचं आणि आजूबाजूच्या झाडांच्या फांद्या ज्याला लागत नाहीत असं सुटं झाड. साप किंवा खारीला वर चढायला सोपं जाऊ नये म्हणून असावं. एवढंच नाही, खोडावरचे सालीचे सुटे तुकडेसुद्धा जोडी चोचीने काढून टाकते म्हणजे खोड आणखी गुळगुळीत. त्या झाडाच्या आसपास कावळा, टकाचोर, घार कोणीही फिरकलं तर खैर नाही.

बकुळा
या भांडखोरपणाचाच फायदा घेऊन लोक जो प्रकार करतात त्याबद्दल लिहायचं होतं. एका फोटोग्राफरांच्या ग्रुपबरोबर गेले होते, नाव नको. मे महिना, घरट्याचं झाड समोर, आणि ब्लूटूथ स्पीकरवर भृंगराजाचा आवाज लूपवर. जोडी वेड्यासारखी स्पीकरवर झेपा घेतेय आणि इकडे शटरचा कडकडाट. मी बोलले तर "अहो दोनच मिनिटं ताई". ती दोन मिनिटं काही संपली नाहीत. घरटं तेवढा वेळ उघडं, वर टकाचोर येऊन बसलेला. मी परत त्या ग्रुपबरोबर गेले नाही.

विदर्भवासी
+१. विणीच्या दिवसांत आवाज वाजवणाऱ्यांना जंगलातून बाहेर काढलं पाहिजे. अभयारण्यात तर असंही चालत नाही. आणि काही ठिकाणी अजून लोकांना हा पक्षी पिंजऱ्यात ठेवायची हौस असते, नकला करतो म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो सरळ गुन्हा आहे, कोणाकडे दिसला तर वनखात्याला कळवा.

याला बोलवायची गरजच काय पण? सूर्य उगवायच्या आधी जंगलात सगळ्यात आधी बोलणाऱ्यांत हा असतो आणि संध्याकाळी सगळे झोपले तरी अंधुक उजेडात पतंग पकडत असतो. आपण लवकर उठायचं, बस.

टिवटिव
शेवटचा प्रश्न मग नाही विचारणार :) आवाज आला तर तो खऱ्या शिक्र्याचा की भृंगराजाचा हे कसं ओळखायचं?

घाटमाथा
शेवटचा कशाला, विचारत राहा. दोन गोष्टी करा. एक म्हणजे आवाज आल्यावर लगेच वर बघू नका, थांबून पुढचा आवाज ऐका. शिक्रा शिक्र्यासारखाच ओरडत राहील. भृंगराज असेल तर त्याच जागेवरून त्याच दमात हळद्याची शीळ, मग सातभाईंची कलकल, मग त्याचा स्वतःचा तो घंटेसारखा धातूचा सूर असं काहीतरी येणारच, एका आवाजावर थांबणं त्याच्या स्वभावात नाही. दुसरं म्हणजे जमिनीजवळ आणि मधल्या फांद्यांत बघा, थवा शोधा. थवा चाललाय आणि मागच्या अंगाला एक काळा ताठ बसलाय, तर तोच.

आडवाट
आणि बाकीचे पक्षी काय करतात तेही बघा. आवाजानंतर ते झुडपात घुसून बराच वेळ गप्प राहिले तर बहुतेक खरंच काहीतरी होतं. लगेच बाहेर येऊन पाचोळा उपसायला लागले तर रानभुली म्हणतेय ते खरं असायची शक्यता आहे. पुढच्या वेळी जो कोणी थवा बघेल त्याने घड्याळ लावून वेळ नोंदवा आणि इथे टाका, मग भांडू.

रानभुली
चालेल. मी जूनच्या आधी परत आंबोलीला जाणार आहे, वेळा लिहून आणते. कोणाला यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, स्पीकर आणायचा नाही ही एकच अट.

कावळोबा
मी येतो. शिक्र्याचा आवाज मलाही येतो पण वडापाव हातात असलेला माणूस शेजारी लागतो.